नवी गाडी घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत एका मोटार वर्कशॉपच्या काउंटरवर मी १९ वर्षं जॉबकार्डं लिहिली. तिथे एक गोष्ट रोज खटकायची. गाडी घेण्याआधी विचारायला हवे होते ते प्रश्न लोक गाडी दारात आल्यावर, हप्ते सुरू झाल्यावर, डॅशबोर्डवर दिवा पेटल्यावर विचारायचे. आता नातेवाईक, शेजारी आणि त्यांच्या ओळखीचे लोक बुकिंगच्या आधी फोन करतात, याचं मला बरं वाटतं. फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं तेच इथे उत्तरांसकट लिहितो आहे.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी, हायब्रीड की इलेक्ट्रिक? नेमकं काय घ्यावं?

याचं उत्तर तुमच्या रोजच्या फेऱ्यात आहे. आत्ता जी गाडी किंवा दुचाकी वापरता तिचं रीडिंग महिनाभर वहीत लिहा. महिन्याला किती किलोमीटर होतात हे सगळेच बघतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका वेळी गाडी सलग किती चालते. ते कुणी बघत नाही आणि तिथेच फसगत होते.

एका माध्यमिक शाळेतल्या सरांनी डिझेल एसयूव्ही घेतली. घर ते शाळा ४ किलोमीटर, आठवड्यातून एकदा बाजार. पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडी नीट पळत होती, म्हणून सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तीन आठवड्यांनी गाडी ४० च्या वर जाईना. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी हा फिल्टर साधारण ६०० अंशांना स्वतःच जाळतो. पण त्यासाठी इंजिन पुरतं तापून गाडी १५-२० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. सरांची गाडी तापायच्या आतच शाळेच्या फाटकात उभी राहायची. आम्ही लॅपटॉप लावून फिल्टरमधली काजळी जाळली. ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल खुणेच्या वर चढलेलं आणि त्याला डिझेलचा वास. काजळी जाळण्यासाठी जे जादा डिझेल सोडलं जातं, ते काम अर्धवट राहिलं की थोडं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलही बदलावं लागलं. सर बिलाकडे न बघता एवढंच म्हणाले, “हे मला घेताना कुणीच का सांगितलं नाही?”

म्हणून सांगतो, आठवड्यातून दोनदा तरी हायवेला जाणार असाल आणि वर्षाला १८-२० हजार किलोमीटर होणार असतील तरच डिझेल घ्या. अशा माणसाला मात्र त्यासारखं दुसरं इंजिन नाही. भरल्या गाडीने आंबोलीचा घाट चढताना ते कळतं. बऱ्याच डिझेल गाड्यांना युरियाचं द्रावणही वेगळं भरावं लागतं. ते संपलं आणि इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

सीएनजी रोज ४०-५० किलोमीटर गावात फिरणाऱ्याला परवडतो. कंपनीतून बसवून आलेलाच घ्या. बाहेरून बसवलेल्या किटमुळे वॉरंटीचे वाद होतात आणि वायरिंगची जोडणी कशी केली असेल याची खात्री नसते. टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन तपासणी, करावी लागते. डिक्की जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण दिवाळीला चार माणसांच्या बॅगा घेऊन गावी निघेपर्यंत ते जाणवत नाही. काही कंपन्या आता एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिक्कीच्या तळाशी बसवतात, त्यांत सामान बऱ्यापैकी मावतं. घराजवळच्या पंपावर संध्याकाळी सात वाजता एकदा उभं राहून रांग बघून या.

हायब्रीडमध्ये नावाचा घोटाळा आहे. माइल्ड हायब्रीडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हात लावते, गाडी एकट्या मोटरवर चालत नाही. स्ट्राँग हायब्रीड गर्दीत बराच वेळ इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते, ब्रेक मारताना स्वतःची बॅटरी भरून घेते आणि तिला प्लग लावावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तिचा फायदा ठसठशीत दिसतो, मोकळ्या हायवेवर तेवढा नाही. विक्रेता नुसतं हायब्रीड म्हणाला तर कोणतं ते विचारा.

आणि या सगळ्यांत कुठेच बसत नसाल, म्हणजे महिन्याला ५००-६०० किलोमीटर, थोडं गावात, थोडं बाहेर, तर साधं पेट्रोल घ्या.

इलेक्ट्रिक गाडी रस्त्यात बंद पडेल का? सांगलीहून पुण्याला जाता येईल?

सांगली ते पुणे साधारण २३५ किलोमीटर. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जेवढी जाते ते अंतर, ही ठरवून दिलेल्या चाचणीतली असते. मी सगळ्यांना त्याच्या दोन तृतीयांशच धरायला सांगतो. ४५० लिहिलं असेल तर ३००. एसी, १०० चा वेग आणि पाच माणसं एवढं धरूनच हा हिशेब आहे. वाटेत खंबाटकीच्या चढावर बॅटरी भराभर उतरते, उतारावर त्यातली थोडी परत भरते. ते पहिल्यांदा बघताना माणूस घाबरतो, दुसऱ्यांदा नाही.

खरा प्रश्न घरच्या चार्जिंगचा आहे. हिशेब सोपा आहे. ४५ युनिटची बॅटरी १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तासाला जेमतेम ३ युनिट घेते, म्हणजे रिकामी भरायला १४-१५ तास. ७.२ किलोवॅटचा चार्जर भिंतीवर बसवला तर साडेसहा-सात तास. रोजचा फेरा ५० किलोमीटरचा असेल तर रोज रात्री साधं सॉकेटही पुरतं. मात्र अर्थिंग नीट हवं. जुन्या घरांत अर्थिंग कच्चं असतं आणि चार्जर सरळ नकार देतो. लोकांना वाटतं गाडीत दोष आहे. बुकिंगच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी मिळवा. महावितरण गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळा मीटर देतं. स्वतःचं पार्किंग नसेल आणि सगळं सार्वजनिक चार्जरवरच चालवायचं असेल, तर मी आज तरी इलेक्ट्रिक घ्या म्हणणार नाही.

बॅटरीवर बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. त्यात क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते हे लेखी विचारा. एलएफपी प्रकारची बॅटरी जास्त वेळा भरली-उतरली तरी टिकते आणि उष्णता जास्त सोसते. दुसरा प्रकार एनएमसी, ती तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवते. आपल्या उन्हाळ्यात मला पहिली जास्त भरवशाची वाटते.

कंपनी २२ चं ॲव्हरेज सांगते, मला १६ च का मिळतं?

कारण तो आकडा रस्त्यावरचा नाही. एआरएआय, म्हणजे पुण्यात १९६६ साली सुरू झालेली मोटार संशोधन संस्था, किंवा तशीच दुसरी मान्यताप्राप्त संस्था गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेगक्रमाने चालवते. एसी बंद, वारा नाही, खड्डा नाही, वेग ९० च्या वर नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, तुमच्या खिशाचा हिशेब करायला नाही.

स्वतःचं ॲव्हरेज काढायचं तर टाकी ते टाकी काढा. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, ३००-४०० किलोमीटर फिरा, पुन्हा तिथेच तसंच भरा. स्क्रीनवरचा आकडा बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा थोडा गोड असतो.

ई-२० पेट्रोलने गाडी खराब होते का?

हा प्रश्न सध्या सगळ्यांत जास्त येतो आणि लोक खरोखर धास्तावलेले असतात. २०२५ पासून पंपावर मिळणारं पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. आमच्याकडे ते ऊस आणि मळीतून होतं, त्यामुळे त्याची बाजू घेणारेही भरपूर आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. हे शास्त्र आहे, अफवा नाही. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ही घट ६-७ टक्के धरली होती.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी पाइप, सील वगैरे ई-२० ला चालतील असे असतात. नवी गाडी घेणाऱ्याने याची चिंता करू नये. त्याआधीची गाडी असेल तर मॅन्युअल आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर बघा, आणि इंधनाच्या पाइपांची तपासणी प्रत्येक सर्व्हिसिंगला सांगून करून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जपावं लागतं. मुलगा परदेशात आणि गाडी गॅरेजमध्ये, अशा घरांमध्ये तरी पंधरा दिवसांतून एकदा ती अर्धा तास चालवा.

ऑटोमॅटिक घ्यायची आहे. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी यांत फरक काय?

एएमटी म्हणजे आपला नेहमीचा गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. २०१४ साली सेलेरिओबरोबर ती स्वस्त गाड्यांत आली. दुरुस्तीला सोपी, ॲव्हरेज मॅन्युअलइतकंच, पण गिअर बदलताना मान थोडी पुढे जाते. सीव्हीटीत पायऱ्याच नाहीत, दोन पुली आणि पट्टा. गावात अगदी लोण्यासारखी. टॉर्क कन्व्हर्टर हा ऑटोमॅटिकचा आणखी एक प्रकार, जुनी, दणकट, घाटात विश्वासाची. डीसीटीत दोन क्लच असतात, ती सगळ्यांत चपळ, पण तिच्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला इंच-इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकचा त्रास होतो, क्लच तापून इशारा येतो.

कोणतीही घ्या, चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका. ब्रेक दाबा. एएमटी आणि डीसीटीच्या किती जळलेल्या क्लच प्लेटा मी या एका सवयीपायी बघितल्या आहेत. टेस्ट ड्राइव्हही शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर उरकू नका. चढ आणि गर्दी असलेल्या रस्त्यावर, घरची माणसं बसवून घ्या.

किती स्टारची गाडी सुरक्षित?

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून स्टार देणारी आपली चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात गाडी ६४ च्या वेगाने अडथळ्यावर आपटतात, ५० च्या वेगाने बाजूने धडक देतात. मोठ्या माणसांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि लहान मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण असतात. ही चाचणी कंपन्यांना ऐच्छिक आहे. ज्या गाडीची झालीच नाही तिच्याबद्दल मी तरी शंका घेतो.

नुसते स्टार मोजू नका. कोणत्या व्हेरिएंटची चाचणी झाली आणि तुम्ही घेता त्यात तेवढ्याच एअरबॅग आहेत का ते बघा. मुलांचे गुण वेगळे वाचा. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची अडकवायचे आयसोफिक्स हुक आहेत का, ते हात घालून चाचपा.

आणि आता जे सांगतो ते कृपा करून ऐका. एअरबॅग ही पट्ट्याची मदतनीस आहे, पट्ट्याऐवजी नाही. पट्टा नसेल तर तीच एअरबॅग ताशी शेकडो किलोमीटरच्या वेगाने तुमच्या तोंडावर येते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर महिनाभर सगळे मागचा पट्टा लावत होते. आज वर्कशॉपमध्ये येणाऱ्या कुठल्याही गाडीत मागच्या पट्ट्यांची कुलपं सीटच्या कव्हराखाली दबलेली सापडतात. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं हा माझ्या डोळ्यांसमोरचा सगळ्यांत भीतिदायक प्रकार आहे. लाखभराचं सनरूफ घेणाऱ्याला काही हजारांची मुलाची खुर्ची महाग वाटते, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

८० च्या वर गाडी बीप-बीप करते, ते बंद करून मिळेल का?

नाही. १ जुलै २०१९ पासून तो नियमच आहे. ८० ला अधूनमधून, १२० च्या पुढे सतत. वर्कशॉपला ते बंद करायला सांगू नका.

एडास, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणारी यंत्रणा, असलेली गाडी घ्यावी का? ती स्वतः ब्रेक मारते म्हणतात.

मारते. समोरच्या काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमधलं रडार मिळून पुढचं वाहन ओळखतात, आधी आवाज करतात, तुम्ही काही केलं नाही तर ब्रेक लावतात. महामार्गावर डुलकी लागणाऱ्या माणसाचा जीव याने वाचू शकतो, म्हणून जादा पैसे देणं मला चूक वाटत नाही. फक्त तिच्या मर्यादा माहीत हव्यात.

गळीत हंगामात एका मित्राच्या नव्या गाडीतून आम्ही रात्री आष्ट्याकडून सांगलीला येत होतो. क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, ७० वर लावलेला. पुढे ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. स्क्रीनवर रस्ता मोकळाच दिसत होता. मला पाचटाची सळसळती कड हेडलाइटमध्ये दिसली, मी ओरडलो आणि मित्राने ब्रेक दाबला. गाडीचा इशारा त्यानंतर आला. ट्रॉली किती लांब होती ते सांगत नाही, पण त्या रात्री घरी गेल्यावर दोघांनाही जेवण गेलं नाही. ही यंत्रणा गाडी, ट्रक, बस यांच्या मागच्या बाजू ओळखायला शिकलेली असते. उसाची ट्रॉली, बैलगाडी, रस्त्यात बसलेली म्हैस, रंग नसलेला स्पीडब्रेकर यांच्या बाबतीत आपण तिचा भरवसा धरू नये.

लेन पाळणारी सोय पट्टे असतील तरच चालते. घाटात आणि रस्त्याचं काम चालू असेल तिथे ती स्टिअरिंग ओढते, तेव्हा ती बंद ठेवा. ब्रेकची सोय मात्र कायम चालू ठेवा. आणखी एक खर्च कुणी सांगत नाही: समोरची काच बदलली की कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. नाक्यावरच्या काचवाल्याकडून काच टाकून घेतली आणि जुळवणी केली नाही, तर गाडीची नजर चुकीच्या दिशेला राहते.

टॉप मॉडेल घ्यावं की मधलं?

मधलं, जर सगळ्या एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारी ईएससी, मागचा वायपर आणि टायरच्या हवेचा इशारा मधल्यात असेल तर. हल्ली बऱ्याच कंपन्या सुरक्षेचं सामान सगळ्या व्हेरिएंटमध्ये सारखंच देतात, तेव्हा वरचे पैसे स्क्रीन, सनरूफ आणि दिव्यांच्या पट्ट्यांसाठी जातात. स्क्रीनबद्दल एवढंच की एसीचा पंखा कमी-जास्त करायला खरं बटण आहे का ते बघा. ताम्हिणी घाटात पावसात काचेवर वाफ धरल्यावर रस्त्यावरून नजर काढून स्क्रीनवर चित्र शोधणं धोक्याचं आहे.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. बॅटरी आणि स्टार्टर लवकर जाणार का?

त्यासाठी स्टार्टर मजबूत केलेला असतो आणि बॅटरीही खास असते. बदलायची वेळ आली की त्याच प्रकारची टाका, साधी बॅटरी चालत नाही. गर्दीत कटकट वाटली तर बटणाने बंद करा.

ऑन-रोड किंमत एवढी का फुगते? काय टाळता येतं?

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के, मोठ्या गाड्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के असे दर झाले. त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स येतो. महाराष्ट्रात पेट्रोलला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के. म्हणजे ९ लाखांच्या पेट्रोल गाडीला ९९ हजार, तेवढ्याच डिझेलला १ लाख १७ हजार. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. व्यवसायासाठी गाडी घेणाऱ्यांनी सीएशी बोलल्याशिवाय नाव ठरवू नये. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आयकर, कापतात, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. पुष्कळ लोक तो मागतच नाहीत.

टाळता येण्यासारखं म्हणजे हँडलिंग चार्जेस, सक्तीचं ॲक्सेसरी पॅकेज आणि शोरूमचाच विमा. कोटेशनची प्रत्येक ओळ वेगळी छापून मागा. “पॅकेजच आहे साहेब” म्हणाले तर शांतपणे म्हणा की पॅकेजमध्ये काय काय आहे तेवढं लिहून द्या.

फास्टॅग गाडीबरोबरच येतो. १५ ऑगस्ट २०२५ ला खासगी गाड्यांसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. कोल्हापूर–सातारा–पुणे राष्ट्रीय महामार्गावर तो चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या ताब्यात असल्याने तिथे चालत नाही.

विमा कुठून घ्यायचा आणि कोणती ॲड-ऑन घ्यायची?

कुठूनही घ्या, शोरूममधून घेण्याची सक्ती नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तिसऱ्या पक्षाचा विमा ३ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दरवर्षी कंपनी बदलून घेता येतो. दोन कोटेशनची तुलना करताना गाडीची धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, सारखी आहे ना ते बघा. हप्ता कमी दाखवायला तीच आधी कमी करतात. जुनी गाडी विकत असाल तर तिचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून पत्र घ्या, नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

पहिली पाच वर्षं झिरो डेप घ्या, म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा कापला जात नाही. आणि नदीकाठी किंवा पाणी तुंबणाऱ्या गावात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट नक्की घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. पाणी ओसरल्यावर आमच्या आवारात गाड्या लावायला जागा नव्हती. त्यांत दोन तऱ्हेच्या गाड्या होत्या. ज्या बुडाल्या पण कुणी चालू करून बघितल्या नाहीत, त्यांची इंजिनं बहुतेक वाचली: ऑइल काढलं, प्लग काढून पाणी उडवलं, गाळ धुतला. ज्यांच्या मालकांनी “बघू तरी चालू होते का” म्हणून स्टार्टर मारला, त्यांच्या सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकले. एका गाडीचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता, त्या भोकातून माझी दोन बोटं आत गेली. शिवाय स्टार्टर मारल्यामुळे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत धरायला विमा कंपन्या नकार देतात.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चाबी फिरवू नका, बटण दाबू नका. ढकलून बाहेर काढा, टोइंग बोलवा. इलेक्ट्रिक गाडी बुडाली असेल तर हातही लावू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

बाहेरून ॲक्सेसरीज बसवल्या तर चालतं का?

मॅट, बॉडी कव्हर खुशाल घ्या. पुढचा लोखंडी गार्ड नको, त्यावर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. धडकेची शक्ती तो थेट चेसिसवर नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकवतो. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर पूर्ण झाकणारं कव्हर घालू नका, ती फाडून बाहेर येऊ शकत नाही. वायर कापून बसवलेले दिवे आणि हॉर्न हे आजच्या गाडीत आजाराचं मूळ आहे. एक वायर कापली तर डॅशबोर्डवर चार दिवे लागतात.

सर्व्हिसिंग कंपनीतच करावी लागते का?

वॉरंटी असेपर्यंत तिथेच करा, म्हणजे वाद राहत नाही. पण इंजिन फ्लश, थ्रॉटल कोटिंग, अंडरबॉडी अशा यादीला दर वेळी हो म्हणायची गरज नाही. मॅन्युअलमध्ये त्या किलोमीटरला जे लिहिलं आहे तेवढं करायला सांगा. ऑइलच्या ग्रेडबद्दल मात्र तडजोड करू नका. आजची छोटी इंजिनं ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइलवर बेतलेली असतात. जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल हा जुना समज आता नुकसान करतो. टर्बो इंजिन असेल तर लांबून आल्यावर लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट तसंच चालू ठेवा.

गाडी ताब्यात घेताना काय बघू?

पासिंगला जाण्याआधी बघा, हे सगळ्यांत महत्त्वाचं. नंबर पडल्यावर गाडी तुमची होते आणि बदलून मिळणं अवघड होतं. दिवसा उजेडी जा. फॉर्म २२ मागा, त्यात बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नव्या भावात देत असतील तर सूट मागणं तुमचा हक्क आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायरचे वाचा, स्टेपनीचा विसरू नका. चेसिस नंबर कागदाशी जुळवा. दारांच्या कडा आणि बंपरच्या फटी हाताने चाचपा. रंगाचा फरक डोळ्याला दिसत नाही पण बोटांना खरखर लागते. रीडिंग ५०-६० च्या आत असावं. प्रत्येक काच खाली-वर करा, प्रत्येक पट्टा ओढून बघा. जॅक, पाना, दुसरी चाबी आणि मॅन्युअल डिक्कीत आहे ना बघा.

पूजा, हार, फोटो झाल्यावर अर्धा तास तिथेच पार्किंगमध्ये बसा. स्टेपनी कशी निघते, बॉनेट कसं उघडतं आणि चाबीची बॅटरी संपली तर दार कसं उघडायचं, हे तिथल्या माणसाकडून शिकून स्वतःच्या हाताने करून बघा. घरात जे जे गाडी चालवणार त्या सगळ्यांना बरोबर न्या.